चपलांच्या रांगेतले टायर

आठ वर्षं मी सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत गेलो. औंढ्याहून जवळा बाजार, आणि तिथून चार किलोमीटर आत आम्ही दोघं शिकवायचो ती जिल्हा परिषदेची शाळा. या आठ वर्षांत मी सरांची पाठ जितकी पाहिली तितकं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे त्यांची आठवण काढली की आधी डोळ्यांसमोर येतो तो उजव्या खांद्यावरचा कधीच न गेलेला शाईचा डाग, आणि मग वाऱ्यावरून मागे येणारी त्यांची वाक्यं. निम्मी वाक्यं वाऱ्यात जायची. उरलेल्या निम्म्यांत ‘मधला माणूस’ हे दोन शब्द हमखास असायचे.

“मास्तर, मधला माणूस काढला पायजे. मंग बघा, दुनिया निम्म्या किमतीत येती का न्हाई.”

सर गणित आणि विज्ञान शिकवायचे आणि उत्तम शिकवायचे. माणूस हुशार होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

मधला माणूस म्हणजे दुकानदार, दलाल, एजंट, आडत्या, हातगाडीवाला, थोडक्यात वस्तू जिथे तयार होते तिथून सरांच्या घरापर्यंतच्या वाटेवर जो कुणी उभा असेल तो. मासे खायचे तर औंढ्याच्या बाजारात नाही, सिद्धेश्वरच्या धरणावर जायचं, कोळ्याची होडी काठाला लागेपर्यंत चिखलात उभं राहायचं आणि जाळ्यातून सरळ पिशवीत. किलोमागे चाळीस रुपये वाचायचे. एकदा मी विचारलं, “सर, पण जायला-यायला पेट्रोल?”

“पेट्रोल हा वेगळा विषय हाय,” सर म्हणाले.

हे त्यांचं दुसरं वाक्य. जे हिशेबात बसत नाही ते सगळं ‘वेगळा विषय’. वारंगा फाट्याला थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून त्यांनी एकदा केळीचे चार घड घेतले. मधला माणूस काढला होता, पण केळी कधी पिकतात हे मधल्या माणसालाच माहीत असतं. चारही घड एकाच दिवशी पिकले. आमच्या शाळेतल्या पोरांनी तीन दिवस सकाळी केळी, दुपारी केळी खाल्ली आणि चौथ्या दिवशी गणिताच्या तासाला सरांनी उदाहरणात केळी घेतली तेव्हा अख्खा वर्ग कण्हला. सरांना विचारलं तर म्हणाले, पिकणं हा वेगळा विषय हाय.

सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. अंगणवाडीत सेविका, बोलायला कमी आणि बोलल्या की नेमक्या. सरांच्या सिद्धांतावर त्यांचं मत एकदाच ऐकलं. “मधला माणूस काढता काढता ह्यांनी मला बी काढलं असतं, पर भाकरी कोन थापनार?”

आता टायरकडे येतो. त्या गाडीच्या टायरांवर माझाही जीव होता, कारण मी त्यावरच बसायचो. दोन्ही टायर असे गुळगुळीत झाले होते की पंक्चरवाला हवा भरताना तोंड दुसरीकडे करायचा. मी रोज विनवायचो. सर जवळा बाजारच्या टायरवाल्याकडे जाऊन भाव विचारून आले आणि संपूर्ण रस्ताभर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला मोबाईल दाखवला. थायलंडमधलं कुठलं तरी दुकान होतं. तोच टायर, तेच माप, किंमत आपल्याहून बरीच कमी.

“रबर तिकडचंच असतं मास्तर. झाड तिकडं, कारखाना तिकडं. आपल्याकडं येईपर्यंत किती जनांचे हात लागतेत, मोजा.”

मागवायला गेले तर टपालखर्च टायरच्या तिप्पट निघाला. सर दोन दिवस खिन्न होते. “जहाजच मधला माणूस निघालं,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी गाडीवर बसता बसता मान वळवून म्हणाले, “मास्तर, तुमचा पासपोर्ट हाय का?”

त्याचं असं होतं की त्यांच्या विहारातर्फे थायलंडला जायची सहल ठरत होती. तिथली बुद्धविहारं बघायची, आणि त्याहून मोठं काम म्हणजे औंढ्याच्या विहारासाठी मूर्ती आणायची. विहारातली जुनी प्लॅस्टरची मूर्ती पोपडे धरून राहिली होती. वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळातल्या बाया निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या, कुणी शिवणकाम करणाऱ्या. दोन वर्षं त्यांनी दर पौर्णिमेला थोडे थोडे पैसे वहिनींकडे आणून दिले होते. सहलीला जाणं त्यातल्या दोघी-तिघींनाच परवडणार होतं. बाकीच्यांनी एवढंच सांगितलं होतं, “ताई, आमी न्हाई आलो तरी चालंल, मूर्ती आना.” वहिनींनी त्यांना शब्द दिला होता.

तीस माणसं झाली तर तिकीट स्वस्त होतं आणि एकोणतीस झाली होती. मी काही बौद्ध नाही, आमचं घर शेतकऱ्याचं, मराठ्याचं. पण सरांनी मला तिसावा केलं. मला वाटलं मैत्रीपोटी. नंतर कळलं की विमानात माणशी वीस किलो सामान फुकट नेता येतं आणि सरांना माझ्या वीस किलोंची गरज होती. “मागचा टायर तुमच्या बॅगेत बसतो,” त्यांनी मोजून ठेवलं होतं. सहलीचे पैसे टायरच्या किमतीत धरायचे का, हे मी विचारलं नाही. तो वेगळा विषय असणार होता.

वीस किलोंची मर्यादा कळल्यावर वजनकाटा लागला. सर दुकानात थोडेच जाणार. जवळ्याच्या आठवडी बाजारात एक म्हातारा बसायचा. पूर्वी खेडोपाडी टेम्पो घेऊन फिरायचा आणि शेतकऱ्यांच्या दारात कापूस विकत घ्यायचा. धंदा सोडून आता काटे, पोती, सुतळी विकायला काढलं होतं. त्याच्याकडून सरांनी अडकवून वजन बघायचा ताणकाटा घेतला, जवळजवळ फुकटात. मी सोबत होतो. म्हटलं, “सर, हा तर कापसाचा काटा हाय.”

“म्हनूनच घेतला,” सर म्हणाले. “दुकानातला काटा कोरा असतो. ह्याच्यावर शेकडो क्विंटल तुललेत. पारखलेला माल हाय. वापरणाऱ्याकडून सरळ घेतला, मधी कोनी न्हाई.”

 माझ्या बापाचा कापूस असल्याच काट्यांवर गेला होता. दर वर्षी तो घरी मोजलेल्यापेक्षा हलका भरायचा आणि बाप म्हणायचा, ऊन लागून वाळला असंल. हे मला त्या वेळी आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं.

जाताना सगळ्यांच्या बॅगा सरांनीच मोजल्या. सामान कमी होतं, काही अडचण आली नाही आणि सरांचा काटा अख्ख्या गटात प्रसिद्ध झाला.

तिकडे चौथ्या दिवशी आम्ही एका मोठ्या विहारात गेलो. बाहेर चपला काढायच्या, आत गेल्यावर एवढी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. मोजलं तर एकोणतीस. सर नाहीत. गटाचे प्रमुख एक निवृत्त तलाठी होते, ते घाबरले. वहिनी म्हणाल्या, “काळजी करू नका. येतेत ते.” अर्ध्या तासानं बाहेर दारापाशी कुजबुज झाली. मी वळून पाहिलं. सर घामाघूम होऊन उभे होते, दोन्ही खांद्यांवर एकेक टायर. रखवालदार त्यांना हातानं काहीतरी समजावत होता. सरांनी मान डोलावली, चपला काढल्या, चपलांच्या रांगेत दोन्ही टायर नीट उभे केले आणि आत येऊन वहिनींच्या मागे डोळे मिटून बसले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मास्तर, असलं समाधान आयुष्यात भेटलं न्हाई.” कुठल्या समाधानाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, “डोळे मिटले व्हते, ध्यान चपलांपाशी व्हतं.”

टायर घेताना काय झालं ते त्यांनी पुढे निदान पन्नास वेळा सांगितलं. दुकानदारीणबाईला मराठी येत नव्हती, यांना तिची भाषा येत नव्हती, तरी तासभर घासाघीस झाली. सरांनी घरून गाडीच्या चाकाचा छाप वर्तमानपत्रावर काढून नेला होता. तो दुकानात जमिनीवर पसरून त्यावर टायर ठेवून बघितला. माप चोख. सर सारखे टायरला नाक लावून वास घेत होते आणि आम्हालाही घ्यायला लावत होते.

वहिनींची खरेदी शेवटच्या दिवशी झाली. पितळेची मूर्ती, हातभर उंच, डोळे अर्धवट मिटलेले. वहिनींनी चार दुकानं बघितली आणि त्या मूर्तीसमोर येऊन थांबल्या. भाव विचारला, पैसे मोजून दिले. सर मधे बोलायला गेले तर म्हणाल्या, “ह्याच्यात घासाघीस न्हाई.” दुकानदारानं मूर्ती बाहेर न्यायच्या परवान्याचा कागदही करून दिला. मग वहिनींनी तिथूनच घरी फोन लावला, मंडळातल्या बायांना मूर्ती दाखवली. फोनमधून एवढा कलकलाट आला की दुकानदार हसायला लागला. बायांनी तिथल्या तिथं ठरवलं, आपण फाट्यापासून मिरवणूक काढायची.

निघायच्या दिवशी हॉटेलच्या व्हरांड्यात सरांनी काटा टांगला. एकेक बॅग येत होती, सर वाचत होते. साडेएकोणीस. साडेएकोणीस. कुणाची वीस भरली की अर्धा किलो काढायला लावायचे. “अर्धा किलो हवेसाठी ठेवायचा,” ते म्हणायचे. वहिनींच्या बॅगेत मूर्ती, सरांच्या बॅगेत पुढचा टायर, माझ्या बॅगेत मागचा. तीसही बॅगा साडेएकोणीस. सरांनी काटा पुसून खिशात घातला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विमानतळावर पहिली बॅग तलाठ्यांची. काउंटरवरच्या मुलीनं आकडा दाखवला. साडेएकवीस.

“तुमचा काटा खराब हाय,” सर तिला मराठीत म्हणाले.

दुसरी बॅग, पावणेबावीस. तिसरी, साडेएकवीस. शेजारच्या काउंटरवर तेच. त्याच्या शेजारी तेच. सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी खिशातून काटा काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दहा किलोला एक किलो कमी. मी बापाचं कापसाचं पोतं त्या हुकाला लटकलेलं बघितलं आणि माझ्या तोंडून गेलं, “सर, काटा मारलेला हाय.”

मधला माणूस काढत काढत सर थायलंडला पोचले होते, आणि मधला माणूस त्यांच्या खिशात बसून सोबत आला होता. मला हसू आलं आणि त्याच क्षणी सरांची फार दया आली. तीस माणसांसमोर तो माणूस तांबडा-काळा होऊन उभा होता.

जादा वजनाचे पैसे भरायचे म्हटलं तर आकडा ऐकून तलाठीच खाली बसले. मग बॅगा उघडल्या. उरलेला चिवडा, चटण्या, ज्वारीचं पीठ, तेलाच्या बाटल्या बाहेर आल्या. बायांनी लुगड्यावर लुगडं गुंडाळलं. तलाठ्यांनी तीन सदरे आणि वर कोट घातला आणि त्यांना हात खाली करता येईनात. काउंटरवरची मुलगी भली होती, सगळ्यांचं वजन एकत्र धरू म्हणाली. तरी शेवटी साडेसात किलो जास्तच राहिले. आता टाकण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. मूर्ती हातात घेऊन नेतो म्हटलं तर हातातल्या सामानालाही सात किलोंची मर्यादा. मूर्ती अकरा किलोंची.

 सगळ्यांना कळत होतं की आता दोनच गोष्टी उरल्या आहेत.

सर म्हणाले, “आपन असं करू, मूर्ती पार्सलनं...”

वहिनींनी बॅग उघडली. शालीत गुंडाळलेली मूर्ती काढली, तिथंच फरशीवर मांडी घातली आणि मूर्ती मांडीवर घेतली. “मी हितंच बसते,” त्या म्हणाल्या. “तुमचे टायर घेऊन जा तुमी.”

आवाज चढला नव्हता. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग वाकले, आपल्या बॅगेतून टायर ओढून काढला. माझ्याकडे आले, माझी बॅग स्वतः उघडली, दुसराही काढला. दोन्ही टायर त्या मुलीच्या काट्यावर ठेवले. जवळजवळ आठ किलो. “बराबर,” सर म्हणाले. गणित सुटल्यावर फळ्याजवळ म्हणायचे तसं.

आठ वर्षांत मला हा माणूस त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा कधीच आवडला नव्हता.

पलीकडे एक झाडूवाला उभा होता. सर टायर घेऊन त्याच्याकडे गेले. मला वाटलं आता इथंही सौदा करणार, मधी कुणी नाहीच. पण सरांनी दोन्ही टायर त्याच्या हातात दिले. त्याला काही समजेना. सरांनी हातांनी मोटारसायकल चालवून दाखवली, एका टायरला हात लावून म्हणाले, “हा मागचा. ह्याच्यात हवा अठ्ठावीस ठेव. पुढच्यात पंचवीस. जास्ती न्हाई.” त्यानं हात जोडून मान लववली. सरांनीही हात जोडले आणि “जय भीम” म्हणाले.

विमानात ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. 

औंढ्याला फाट्यावर बाया आल्या होत्या. पांढरी लुगडी, हातात फुलं, मेणबत्त्या. वहिनींनी मूर्ती काढून पहिल्यांदा एका म्हातारीच्या हातात दिली, जी शेतातून सरळ आली होती आणि जिच्या पायांना अजून माती होती. म्हातारीनं मूर्ती छातीशी धरली आणि रडायला लागली. सर मिरवणुकीच्या सगळ्यात मागे, गर्दीच्या बाहेर चालत होते. काटा त्यांनी कुठं टाकला ते मला माहीत नाही.

सोमवारी ते मला न्यायला आले, त्याच गुळगुळीत टायरांवर. पंधरा दिवस मधला माणूस हा शब्द ऐकू आला नाही. मला रस्ता फार लांब वाटायला लागला.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. “भाऊ, उद्या ह्यांच्याकडून गाडीची चावी घ्या. काहीतरी निमित्त सांगा.” मी पोट दुखतंय, दवाखान्यात जातो असं सांगून शाळेतून गाडी काढली. वहिनी जवळ्याच्या स्टँडवर उभ्या होत्या. आम्ही त्या टायरवाल्याकडे गेलो, ज्याचा भाव ऐकून सर रस्ताभर गप्प बसले होते. वहिनींनी अंगणवाडीच्या मानधनातले पैसे आणले होते. एक रुपयाही कमी करा म्हणाल्या नाहीत. टायर चढल्यावर दुकानदाराला बजावलं, “ह्यांना भाव सांगितला तर मी टायर काढून आनून दीन तुमाला.” मग माझ्याकडे वळल्या. “तुमी बी सांगायचं न्हाई.”

शाळेत गाडी उभी केली. सर बाहेर आले, माझं पोट कसं आहे विचारता विचारता थांबले. उकिडवे बसले. अंगठ्यानं टायरची नक्षी दाबून बघितली, कडेची अक्षरं वाचली, नाक लावून वास घेतला. त्यांना कुणी केलं ते विचारावं लागलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो तर दारातूनच त्यांनी आवाज दिला, “केवढ्याला पडले?”

वहिनी चहा गाळत होत्या. “तो वेगळा विषय हाय,” त्या म्हणाल्या.

ज्या माणसाला औंढ्यातल्या प्रत्येक वस्तूचा भाव तोंडपाठ होता, त्याला स्वतःच्या टायरांची किंमत कळली नाही. त्यांनी सगळं करून बघितलं. टायरवाल्याला चहा पाजला. माझ्यावर तर रोज प्रयोग चालायचे. मधेच एखादा आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि माझं अंग हलतं का ते बघायचे. मी पाठीमागे दगडासारखा बसायचो.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली. सर माईकसमोर उभे राहिले. म्हणाले, “आयुष्यभर पोरांना गनितं सोडवायला लावली. माझं एक राहिलंय.” आणि बायांच्या रांगेत बसलेल्या वहिनींकडे बघितलं. “आता तरी सांगा.”

वहिनींनी मांडीवरचा हार नीट केला आणि मान हलवली. नाही. अख्खा मांडव हसला. सरही हसले, चष्मा काढून पुसला आणि “बराबर” म्हणून खाली बसले.

परवा ते मला बाजारात भेटले. टायरांकडे माझं लक्ष गेलं. पुन्हा गुळगुळीत झालेत. म्हटलं, “सर, बदला आता. नांदेडला ठोक व्यापारी हाय माझ्या ओळखीचा, सरळ त्याच्याकडून आनू.”

“न्हाई मास्तर,” सर म्हणाले, “ह्याच्या बदल्यात कोनता बी टायर महागच पडंल.”

वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या, मागे बसल्या. पूर्वी पन्नासच्या खाली न येणारी ती गाडी वीसच्या वेगानं, खड्डे चुकवत चुकवत, विहाराच्या रस्त्याला लागली.